बाईंची प्रदीर्घ शिक्षा

ऑगस्टच्या शेवटी मी निवृत्त झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी पहिली नेमणूक तलासरी तालुक्यात झरीला होती आणि शेवटची डहाणू तालुक्यात, गंजाडच्याही पुढच्या एका पाड्यावर. मधल्या काळात दोन्ही तालुक्यांत इतक्या ठिकाणी बदल्या झाल्या की कुठल्या शाळेचं छप्पर कुठे गळतं हे मी आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन. राहायला मात्र डहाणूतच. सकाळी स्टेशनाजवळून एसटी किंवा शेअरची इको गाडी पकडायची आणि संध्याकाळी तशीच परत यायची.

निरोप समारंभ ठरला तेव्हा पहिला वाद झाला तो फलकावर काय लिहायचं यावरून. शाळेत माझ्याखेरीज दोनच शिक्षक, एक तरुण सर आणि त्यांच्याहून तरुण मॅडम. मॅडम म्हणाल्या, सरळ ‘सेवानिवृत्ती’ लिहू. सरांना ते फार म्हातारं वाटलं, त्यांना ‘सेवामुक्त’ हवं होतं. मी म्हटलं, नको, काहीतरी भानगड केली म्हणून घरी बसवल्यासारखं वाटतं. ‘कार्यमुक्त’ हा शब्द मी बदलीच्या आदेशांत इतक्यांदा वाचला होता की तो दिसला की मला सामान बांधायला घ्यावंसं वाटे. शेवटी ‘प्रदीर्घ शिक्षणसेवा पूर्ण केल्याबद्दल’ असं ठरलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

फलक करून आणायचं काम शाळा समितीच्या अध्यक्षांनी अंगावर घेतलं. त्यांचे मेहुणे तलासरीला असतात आणि मेहुण्यांच्या ओळखीचा एक फ्लेक्सवाला आहे. हा गृहस्थ उत्तरेकडून येऊन तिथे स्थायिक झालेला. मराठी तो ऐकून ऐकून शिकला आणि त्याचा त्याला अभिमान आहे. मजकूर त्याला फोनवर सांगितला गेला. त्याच्या भाषेत शिक्षा म्हणजे विद्या, त्यामुळे ‘शिक्षणसेवा’ हा शब्द त्याला उगीच लांबवलेला वाटला असणार. शिवाय ओळ थोडी रिकामी राहत होती, ती त्याने स्वतःच्या मनाने भरून काढली.

समारंभाच्या सकाळी मी इकोतून उतरले तर शाळेच्या फाटकावर हा भला मोठा फलक: ‘प्रदीर्घ शिक्षा पूर्ण करून मुक्त होत असलेल्या आदरणीय बाईंचे हार्दिक अभिनंदन.’

खाली माझा फोटो. तो निवडणुकीच्या ड्युटीच्या ओळखपत्रासाठी काढलेला होता. मागे पांढरी भिंत, आणि त्या भिंतीसमोर मी एकटक पुढे बघत उभी. मजकुराशी तो इतका जुळत होता की मुद्दाम शोधूनही दुसरा एवढा योग्य फोटो सापडला नसता.

मॅडम रडवेल्या झाल्या. सर शिडी शोधायला धावले. तेवढ्यात अध्यक्ष आले. दोऱ्या घट्ट बांधल्यात, वरून पाऊस आहे, आता राहू दे, असं त्यांचं मत पडलं. आणि ते म्हणाले, इथे वाचतंय कोण. अर्ध्या पाड्याला वाचायला शिकवलेली बाई समोर उभी आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग ते शिडी आणायला सरांच्या मागोमाग गेले. पण मीच म्हटलं, असू दे. मला खरं तर हसू आवरत नव्हतं.

समारंभ छान झाला. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख साहेब आधी बोलले. बाई म्हणजे अगदी मुरलेल्या शिक्षिका, असं ते म्हणाले. त्यांच्यानंतर डहाणूचे एक गुजराती व्यापारी उठले. ते दरवर्षी मुलांना वह्या देतात. त्यांनी मला ‘आपल्या शाळेच्या मुरब्बी’ म्हटलं. गुजरातीत हा वडीलधाऱ्यांना मानाने म्हणायचा शब्द. मागे पातेल्यांजवळ मुलांचा आहार शिजवणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांना थोडं कमी ऐकू येतं. पहिल्या पाहुण्याने मुरलेलं काहीतरी मागितलं आणि दुसऱ्याने मुरांबा, एवढंच त्यांच्या कानावर आलं. पाहुण्यांना भूक लागलीय असं समजून त्यांनी भाषणाच्या मध्येच पत्रावळी मांडायला घेतल्या. त्यामुळे अध्यक्षांना आपलं भाषण घाईघाईने उरकावं लागलं. बाई म्हणजे जुनं खोड, अशी त्यांनी सुरुवात केली, आणि असा सराईत माणूस पुन्हा आपल्या पाड्याला मिळणार नाही, असा शेवट केला. सराईत हा शब्द ते वर्तमानपत्रात चोरांच्या बातम्यांत वाचत आले होते. त्याचा अर्थ कामात तरबेज, असा त्यांनी लावला होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. सर तेवढे खाली मान घालून खोकत होते.

मी उत्तरादाखल काय बोलले ते आठवत नाही. थोडी रडले एवढं आठवतं.

जेवणं झाली, माणसं पांगली. मी नळावर हात धूत होते. मागे कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणून वळले. दुसरीतल्या एका मुलीचे आजोबा होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, काखेत मिटलेली छत्री. त्यांना मी ओळखत होते, आणि त्यांच्याबद्दल पाड्याला जे माहीत होतं ते मलाही माहीत होतं. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, त्यात यांनी काठी मारली आणि तो मेला. जन्मठेप झाली. ती भोगून दीड वर्षापूर्वी ते घरी परतले होते. नातीला न्यायला रोज शाळेत यायचे, पण फाटकाबाहेर उभे राहायचे. कोणी “या” म्हटल्याशिवाय कुठल्याही दारातून आत येत नसत.

“बाई,” ते म्हणाले, “फलक वाचला.”

मी सांगायला लागले की ती छापणाऱ्याची चूक आहे.

“ते कळलं मला. सगळे हसत होते. मी नाही हसलो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सुटल्यावर पहिले सहा महिने जड जातात. काही अडलं तर मला विचारा. मला दीड वर्ष झालं. यात मी तुमच्यापेक्षा सीनियर आहे.”

चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. मी आभार मानले. त्यांनी मान हलवली, छत्री उघडली आणि गेले. घरी आल्यावर हे मी नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो बँकेत रोखपाल होता आणि माझ्या आधी तीन वर्षं निवृत्त झाला होता. या तीन वर्षांत, मी दिवसभर गंजाडला असताना, त्याने घराचा ताबा घेतला होता. मला ते कळलंच नव्हतं, कारण मी घरी यायची ती जेवायला आणि झोपायला. पंख्याखालची वेताची खुर्ची त्याची झाली होती. वर्तमानपत्र आधी तो वाचणार, मग शब्दकोडं सोडवणार, मग ते घडी घालून रद्दीत जाणार. स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांवर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अकराला चहा. भांडीवालीशी दाराशी उभं राहून तिच्या मुलांची चौकशी. या सगळ्यात मी एका मंगळवारी सकाळी येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसले.

तो नुसता समोर येऊन उभा राहिला, एसटीत आपल्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं दिसल्यावर माणूस उभा राहतो तसा. मी उठले. मग मी डाळींचे डबे माझ्या पद्धतीने लावले. त्याने दुपारी ते पुन्हा त्याच्या पद्धतीने लावले. संध्याकाळी भांडीवाली मला म्हणाली, बाई, आता रोज घरीच का? तिच्या आवाजात काळजी होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

पुढच्या सोमवारी तर कहरच झाला. मी पहाटे उठले, आंघोळ केली, पोळीभाजीचा डबा भरला, पर्स घेतली आणि स्टेशनाजवळच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. तिथे उभी राहिल्यावर आठवलं. परत फिरणार तोच इकोवाल्याने मला बघून पुढचं दार उघडलं. “बसा बाई,” म्हणाला. माझी नेहमीची जागा त्याने राखून ठेवली होती. मी निवृत्त झाले हे सांगायची मला इतकी लाज वाटली की मी बसले. गावाबाहेर पडायच्या आत, इथे एक काम आहे, असं सांगून उतरले आणि उन्हातून चालत परत आले.

स्टेशनाबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्यांच्या रांगेत मला ते आजोबा दिसले. पुढ्यात पडवळ, काकड्या आणि अळूची पानं नीट रांगेत मांडलेली. त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला, पर्स पाहिली, आणि काय झालं असेल ते त्यांच्या लक्षात आलं. मलाही असं झालं होतं, म्हणाले. सुटून आल्यावर पहिले कितीतरी दिवस ते पहाटे उठून, पांघरुणाची घडी घालून, अंगणात उभे राहत. कैद्यांच्या मोजणीला आता कोणी येत नाही हे ध्यानात यायला वेळ लागे.

मी तिथेच एका पोत्यावर बसले आणि डबा उघडला. आम्ही दोघांनी पोळीभाजी खाल्ली. खाता खाता मी खुर्चीची आणि डब्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती फार गंभीरपणे ऐकून घेतली.

त्यांचं बोलणं पाड्यावरच्या इतर म्हाताऱ्यांसारखं नव्हतं. इतकी वर्षं तुरुंगात राज्यभरातल्या माणसांत काढल्यामुळे बोली पुसून गेली होती आणि तिच्या जागी थोडी हिंदी, थोडं सरकारी मराठी आलं होतं. वाचायलाही ते तिथेच शिकले. ते मला समजावून सांगू लागले. खटला चालू असतो तोवर माणूस कच्चा कैदी, शिक्षा लागली की पक्का. कागदावर पक्क्या कैद्याला सिद्धदोष बंदी म्हणतात. मी म्हटलं, ऐकायला एखाद्या साधुमहाराजांसारखं वाटतं. ते म्हणाले, हो, पहिल्यांदा त्यांनाही तसंच वाटलं होतं. चांगली वागणूक असलेल्या जुन्या कैद्याला पुढे वॉर्डर करतात, त्याने इतरांवर लक्ष ठेवायचं. तेही वॉर्डर झाले होते. शेवटची काही वर्षं खुल्या कारागृहात शेती केली, ही पडवळं तिथेच लावायला शिकले.

“तुमची चूक कुठे झाली सांगू का?” ते म्हणाले. “तुम्ही बराकीत नव्या. साहेब तिथे तीन वर्षं आहेत. पंख्याखालची जागा जुन्याची असते. नव्याने येऊन तिथे पथारी टाकली तर मारामारी होते.”

मी म्हटलं, अहो, पण घर माझंही आहे.

“घर दोघांचं, बरोबर. पण जागा विचारायची. मी कुठे बसू, असं जुन्याला विचारायचं. तो बरोबर देतो. आणि कोणाला नको असलेली जागा मागितली तर लगेच देतो.”

अजूनही काही सल्ले दिले. पहिले आठ दिवस कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा एक. तो मी त्याच संध्याकाळी अमलात आणून पाहिला. रात्रीच्या जेवणापर्यंत मी गप्प आहे हे बघून नवऱ्याने माझं अंग गरम आहे का ते पाहिलं आणि मुलीला पुण्याला फोन लावला. तेव्हा तो सल्ला सोडून द्यावा लागला. पण दुसऱ्या दिवशी मी धीर करून नवऱ्याला विचारलं, मी दिवसा कुठे बसू?

तो चपापला. नोकरीत असताना त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं आणि घरात मी कधी त्याला काही विचारलं नव्हतं. बराच विचार करून त्याने मला मागच्या दाराची पायरी आणि तिच्यापुढचं परस दिलं. तिथे धुण्याचा दगड, एक शेवग्याचं झाड आणि तुटकी बादली एवढंच होतं. पण दिल्यावर त्याचं मन मोठं झालं. एक पाट आणून दिला. संध्याकाळी वर्तमानपत्रही आणून दिलं, शब्दकोड्यातले तीन शब्द माझ्यासाठी ठेवून. मी बादलीत अळू लावलं. डाळींच्या डब्यांना हात लावला नाही. तीनचार दिवसांनी त्यानेच विचारलं, तुझ्या पद्धतीने लावायचेत का? भांडीवाली आधी त्याच्याशी दाराशी बोलायची आणि मग मागे येऊन माझ्याशी बोलायची. तिचं काम वाढलं, पण तिने तक्रार केली नाही.

आजोबा भाजी घेऊन येत तेव्हा मी त्यांना भेटत असे. नवराही यायला लागला. एकदा भाजी पिशवीत भरता भरता नवऱ्याने त्यांना सरळ विचारलं, आत कसं होतं? मला संकोच वाटला. पण त्यांनी सगळं सांगितलं. सगळ्यात अवघड काय होतं, तर दिवा. बराकीत दिवा कधी मालवत नाहीत. घरी आल्यावर अंधारात त्यांना झोप येईना आणि दिवा लावला तर बायकोला येईना. म्हणून ते ओट्यावर झोपतात, रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात. मग ते म्हणाले, “माझ्या हातून माणूस गेला, साहेब. त्याचं वाईट वाटतं ते वेगळं. ते दिव्याने जात नाही.”  एवढं बोलून त्यांनी नवऱ्याला अळूच्या जुड्या कशा बांधायच्या ते दाखवलं.

दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. नाचणी कापायला आली होती. गंजाडला उतरून आम्ही शाळेवरून चालत पुढे गेलो. त्यांचं घर चढावर आहे, कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण. आजोबांनी आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले. आतून त्यांची बायको आली. हातात विळा, पदर कमरेला खोचलेला. तिने आम्हाला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, “बस आता. तुला काय आमंत्रण द्यायचं?” मग ते बसले.

चहा झाला. आजोबा माझ्या नवऱ्याला तुरुंगातल्या कामाच्या वेळा सांगत होते. किती वाजता उठवायचे, किती वाजता जेवण. नवऱ्याला अशा गोष्टींची फार आवड. तो मध्ये मध्ये बँकेतल्या वेळा सांगत होता. आजी विळ्याला धार लावत ऐकत होती.

“याला तिथं रविवारची सुट्टी होती, बाय,” ती मला म्हणाली.

आजोबांनी जरा विचार केला. “हो,” ते म्हणाले. “खरंय. सणाला गोडही मिळायचं.”

“इथं भात कुणी लावला? पोरांची लग्नं कुणी केली?” ती रागावलेली नव्हती. विचारलं आहे तर सांगते, असा तिचा सूर होता. ज्या बांधावरून भांडण झालं होतं तो बांध तिने पहिल्याच वर्षी चुलतभावाच्या बायकोला देऊन टाकला होता. आजोबांना विचारलं नव्हतं. त्यांना कळलं ते तुरुंगातून रजेवर घरी आले तेव्हा, बांधाच्या पलीकडे दुसऱ्याच माणसांना लावणी करताना बघून. आता दोन्ही घरं एकमेकांच्या नाचणीला मदतीला जातात. आजोबा मात्र त्या शेतात जात नाहीत, अलीकडेच उभे राहून पेंढ्या हातोहात देतात.

मग आजीने मला विचारलं, “बाय, तुम्हाला आता काय म्हणतात? शाळा सुटल्यावर?”

मी म्हटलं, निवृत्त शिक्षिका.

“आणि याला?”

 आजोबाच म्हणाले, कागदावर ‘मुक्त बंदी’ लिहिलंय.

“मंग मला काय म्हणायचं?”

इतकी वर्षं बँकेत लोकांच्या अर्जावर व्यवसायाचा रकाना तपासलेला माझा नवरा लगेच म्हणाला, “गृहिणी.”

तिने त्याचा अर्थ विचारला. त्याने सांगितला, घर सांभाळणारी, घरात असते ती. हे ऐकून ती इतकी हसली की विळा खाली ठेवावा लागला. “घरात कधी बसले मी,” ती म्हणाली, आणि तशीच हसत उतारावरून शेताकडे निघाली. जाता जाता मला हाक मारली. मीही निघाले.

नाचणीची कणसं कशी कापायची ते मी बघितलं नव्हतं असं नाही, इतकी वर्षं शाळेच्या खिडकीतून बघत होते. तिने विळा दिला. मी चारदोन ताटं बुडातून कापली. तिने माझा हात धरून थांबवला. कणीस वरून घ्यायचं, ताट उभं राहू द्यायचं, ते नंतर गुरांना. आधी बघा, मग हात लावा, असं म्हणून तिने मला बांधावर उभं केलं. मी बघत उभी राहिले. ती पुढे सरकत होती आणि मागे वळून मी बघतेय ना ते तपासत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, हं, आता या. दुसऱ्यांदा मी बरं कापलं असावं, कारण ती काही बोलली नाही.

वर अंगणात माझा नवरा आणि आजोबा खाटेवर बसून भोपळ्याच्या बिया निवडत होते. नवऱ्याचा आवाज खालपर्यंत येत होता. नोटांचं बंडल न सोडता त्यातली फाटकी नोट कशी ओळखायची ते तो सांगत होता, आणि आजोबा मध्ये मध्ये “अच्छा” म्हणत होते.

संध्याकाळी गंजाडहून शेवटच्या इकोने परत आलो. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. नवऱ्याच्या मांडीवर एक मोठा लाल भोपळा होता आणि तो त्याने डहाणूपर्यंत कोणाला धरू दिला नाही. त्यानंतर आठवड्याने आजोबा भाजी घेऊन आले तेव्हा त्यांनी बायकोचा निरोप दिला. वाल पेरायला घेतलेत, बाई, यायचं असेल तर या. पण या खेपेला जुनं लुगडं किंवा जुनी साडी नेसून या, चांगली साडी नेसून आलात की काम सांगायला संकोच वाटतो.